प्रश्न पूर्ण व्हायच्या आत

आपण मुलांना क्विझमध्ये जे प्रश्न विचारतो ते फार छोटे असतात, असं माझं आता पक्कं मत झालंय. छोटे म्हणजे खरंच लांबीने छोटे. सगळ्यात उंच धबधबा कोणता, अमक्या देशाची राजधानी काय, टेलिफोनचा शोध कोणी लावला, बस, एक ओळ, बझर, उत्तर, टाळ्या, पुढचा प्रश्न. ज्या मुलीने त्या धबधब्याबद्दल कुठेतरी तीन पानं वाचलीयत, फोटो बघून वहीत चित्र काढलंय, आणि ज्या मुलाने काल रात्री जीकेच्या गाईडमधून तेवढी एक ओळ पाठ केलीय, दोघांना दहा मार्क. मला हे आधीपासूनच खटकायचं पण दुसरं काय करता येईल हे डोळ्यासमोर नव्हतं, ते यावर्षी आलं, आणि आणलं माझ्या भाचीने.

भाची न्यू जर्सीला असते, ताई-भावजींकडे, तिथे हायस्कूलला आहे. तिच्या शाळेची टीम यंदा मे महिन्याच्या शेवटी क्विझबोलच्या नॅशनल्सला अटलांटाला गेली होती. क्विझबोल म्हणजे टीव्हीवर असतं तसं स्टेजवरचं क्विझ नाही, तो त्यांच्याकडे शाळा-कॉलेजचा खेळ आहे, आपल्याकडे खो-खो कबड्डीची टीम असते तशी टीम असते, कोच असतो, प्रॅक्टिस असते, हारजीत असते, रडारड असते. एका वेळी चार जण खेळतात, समोर दुसऱ्या शाळेचे चार, प्रत्येकाच्या हातात बझर, आणि मध्ये एक मॉडरेटर प्रश्न वाचतो.

आता यातली खरी गंमत. जो मुख्य प्रश्न असतो त्याला टॉसअप म्हणतात, तो पाच-सहा ओळींचा असतो आणि पूर्ण वाचून व्हायची वाट बघायची नसते. पहिल्या ओळीत सगळ्यात अवघड माहिती, जी त्या विषयात खोल शिरलेल्यालाच माहीत असेल, मग थोडी सोपी, मग अजून सोपी, आणि शेवटच्या ओळीत ‘दहा मार्कांसाठी सांगा’ म्हणून अशी माहिती की बहुतेक सगळ्यांना यावी. वाचता वाचता कधीही बझर दाबायचा. ज्याला जास्त माहिती तो आधी दाबणार, म्हणजे दोघांना उत्तर येत असलं तरी कोणाला *जास्त* येतं हे त्या प्रश्नातच कळतं. टॉसअपला आपसात बोलायचं नाही, एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर टीमला बोनस मिळतो, तीन भागांचा, प्रत्येकी दहा, तिथे मात्र चौघांनी डोकी जोडून बोलायचं आणि कॅप्टनने उत्तर सांगायचं. नॅशनल अकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स म्हणून जी संस्था ही नॅशनल्स घेते तिच्या नियमात प्रश्नात एक खूण असते, त्या खुणेच्या आधी बरोबर उत्तर दिलं तर दहाऐवजी पंधरा, याला पॉवर म्हणतात. आणि मध्येच दाबून चुकलात तर वजा पाच, याला नेग. शिवाय चुकलात की तुमची पूर्ण टीम त्या प्रश्नापुरती बाद, समोरचे आरामात पूर्ण प्रश्न ऐकून उत्तर देणार. म्हणजे नुसती घाई करूनही चालत नाही, माझं ज्ञान इथपर्यंत पोचतंय का याचा अंदाज मुलाला स्वतःला घ्यावा लागतो, दर प्रश्नाला, एखाद्या सेकंदात.

हा खेळ काही कालचा नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी असे प्रश्नोत्तरांचे खेळ व्हायचे, त्यावरून डॉन रीड नावाच्या माणसाने कॉलेज बोल काढलं, १९५३ मध्ये ते अमेरिकेत रेडिओवर सुरू झालं आणि १९५९ मध्ये टीव्हीवर आलं. मी वर सांगितली ती संस्था १९९६ मध्ये निघाली आणि हायस्कूलची नॅशनल्स १९९९ पासून. अजून एक मोठी हायस्कूल नॅशनल्स असते, पेस नावाच्या संस्थेची, तिच्यात नेग नसतो आणि पॉवरला वीस मार्क. भाचीला विचारलं कोणती चांगली तर म्हणाली, ‘मावशी, दोन्ही वेगळ्या आहेत गं, एकीत वेग लागतो, दुसरीत खोली.’ सोळा-सतरा वर्षांची पोर इतकं नेमकं बोलते तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं.

अटलांटाच्या नॅशनल्सची रचना सांगते कारण मला ती फार आवडली. शनिवारी प्रत्येक टीमला दहा मॅच मिळतात म्हणजे मिळतातच. पहिली हरलात म्हणून घरी जा असं नाही. आपल्याकडे एलिमिनेशन राऊंडच्या पेपरातच शेकडो मुलं बाहेर जातात आणि स्टेजवर सहा टीम, बाकीचे प्रेक्षक, मला त्याचं नेहमी वाईट वाटतं, पोरं चांगले कपडे घालून आलेली असतात. तर तिकडे प्रत्येक टीमला सुरुवातीला एक नंबरचं कार्ड देतात. मॅच झाली की जिंकलेल्या टीमने दोघांमधलं लहान नंबरचं कार्ड घ्यायचं, हरलेल्यांनी मोठ्या नंबरचं, आणि पुढची मॅच कोणत्या खोलीत कोणाशी हे त्या कार्डावरून ठरणार. त्यामुळे दिवस जातो तसे तुम्ही तुमच्याच तोलाच्या टीमसमोर येत जाता, बुद्धिबळाच्या टूर्नामेंटमध्ये करतात साधारण तसंच. दहापैकी सहा जिंकलात की रविवारच्या प्लेऑफला. शेकडो टीम आणि एवढ्या साध्या कार्डांवर सगळं चालतं.

त्यांची शनिवार सकाळ म्हणजे आपली शनिवार संध्याकाळ, साडेनऊ तासांचा फरक. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी आई, मी आणि माझ्या ट्यूशनची दोन मुलं जी घरीच जायला तयार नव्हती, असे आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो. ताई मॅच संपली की ग्रुपवर स्कोअर टाकायची, मॅच चालू असताना अर्थातच काही नाही, त्यामुळे मधला वेळ फार जड जायचा. पहिली जिंकले, दुसरी जिंकले, तिसरी हरले, मग एक जिंकले, मग सलग दोन हरले आणि ताईचा नुसता एक हात जोडलेला इमोजी. आई म्हणाली मुलांनी काही खाल्लंय का विचार. रात्री दोनच्या पुढे ५-४ झालं, म्हणजे शेवटची मॅच जिंकली तर रविवार, नाहीतर परत. आईला झोप असं सांगितलं तर ती माझ्यावरच चिडली.

त्या शेवटच्या मॅचचं भाचीने नंतर इथे आल्यावर सगळं सांगितलं, ते मी लिहिते. शेवटच्या टॉसअपला त्यांची टीम पाच मार्कांनी मागे होती. भाचीचा विषय इतिहास आणि थोडं साहित्य, दुसरी एक मुलगी बायोलॉजी केमिस्ट्री, कॅप्टन सगळ्यातलं थोडं थोडं, आणि चौथा नववीतला मुलगा, फार शांत, दिवसभरात त्याने मोजके बझर दाबलेले. प्रश्न सुरू झाला आणि पहिल्याच ओळीत कसलीतरी ज्वालामुखीतून निघालेली काच, टॅकिलाइट की काय, भाची म्हणते मी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. आणि त्या मुलाने दाबला. दुसरी ओळही नाही आली. मॉडरेटरने त्याच्याकडे बघितलं आणि तो म्हणाला, बसॉल्ट. पॉवर, पंधरा. त्या पोराला दगड गोळा करायचा नाद आहे, घरी खोक्यांमध्ये चिठ्ठ्या लावून ठेवलेत, आई ओरडते, शाळेत कोणी विचारत नाही, परीक्षेत त्याचा उपयोग नाही. ३४० - ३१० अशी ती मॅच सुटली, बोनसमध्येही त्यांनी वीस घेतले. पुढे त्या प्रश्नात चंद्रावरचे काळे भाग होते, आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे सहाकोनी खांब होते, आणि सगळ्यात शेवटी डेक्कन ट्रॅप्स, म्हणजे आपलंच पठार. हे ऐकून मी ट्यूशनच्या मुलांना विचारलं की अरे आपण आत्ता कोणत्या दगडावर बसलोय, तर दहावीच्या मुलांना सांगता येईना. माळव्याची काळी माती याच दगडाची झालेली आहे, भूगोलाच्या पुस्तकात आहे ते, त्यांनी पाठही केलंय, पण ते पायाखालचं आहे असं कोणी जोडून दाखवलं नव्हतं.

रविवारी एक मॅच जिंकले आणि मग हरून बाहेर पडले. समोरची टीम फार तयारीची होती, पहिल्या पाच टॉसअपमध्ये तीन पॉवर. भाची म्हणाली वाईट वाटलं पण राग नाही आला, ‘त्यांना खरंच जास्त येत होतं मावशी.’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. किती क्विझनंतर मुलं असं म्हणू शकतात? आपल्याकडे हरलं की बहुतेक वेळा पास आमच्याकडे उशिरा आला, त्यांना सोपा प्रश्न गेला, आमच्या वाट्याला नेमका क्रिकेट नसलेला राऊंड आला, आणि मुलं खोटं बोलत नसतात, ते तसंच झालेलं असतं. टॉसअपमध्ये प्रश्न दोघांना एकच, शब्द तेच, वेळ तीच.

तयारी कशी करतात तेही विचारलं, तर जुन्या स्पर्धांचे प्रश्नसंच, त्यांना पॅकेट म्हणतात, ते खूप सारे नेटवर फुकट ठेवलेले आहेत. क्यूबीरीडर नावाची साईट आहे तिथे प्रश्न एकेक शब्द करून समोर येतो आणि तुम्ही मध्येच थांबवून उत्तर टाइप करायचं. जे चुकलं त्याचं कार्ड करायचं आणि अँकीमध्ये टाकायचं, ते ॲप बरोबर विसरायच्या सुमाराला परत विचारतं. पण भाचीने एक गोष्ट स्पष्ट सांगितली, नुसती कार्डं करून एका मर्यादेपर्यंतच जाता येतं, त्यांच्या टीममध्ये प्रत्येकाला आपला विषय वाचावा लागतो, म्हणजे पुस्तक, नकाशा, चित्र, संगीत असेल तर ऐकायचंच. आणि प्रामाणिकपणाबद्दल तिथे फार कडक आहेत. २०१३ मध्ये हार्वर्डसारख्या विद्यापीठाची कॉलेज पातळीवरची आधीची विजेतेपदं काढून घेतली गेली होती, कारण त्यांच्या एका खेळाडूने प्रश्नांची सुरुवात दिसेल अशी पानं उघडली होती असं नंतर निघालं. फायदा घेतल्याचा थेट पुरावा नव्हता तरी काढून घेतली. मला हे योग्यच वाटतं.

जूनच्या शेवटी शाळा सुटल्यावर ताई आणि भाची इंदूरला आल्या आणि आमच्या पुढच्या खोलीत, जिथे मी ट्यूशन घेते, तिथे रोज संध्याकाळी गणित संपलं की टॉसअप सुरू झाले. पहिल्या दिवशी तिने इंग्रजी पॅकेटमधले प्रश्न वाचले आणि मुलं गप्प. ती हुशार मुलं आहेत, पण अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आणि इंग्रजी कविता यात त्यांनी काय करावं? मी म्हणलं अगं आपले प्रश्न आपणच लिहू, मराठीत आणि हिंदीत, माझ्याकडे अर्धी मुलं मराठी घरातली आणि अर्धी हिंदी, वाचताना दोन्ही चालतं इथे, इंदूरच्या पोरांना त्याचं काहीच नाही. मग मी आणि भाची रात्री जेवणं झाल्यावर बसायचो. टॉसअप लिहिणं फार अवघड काम आहे, एक चांगला लिहायला आमचा तासभर जायचा, कारण प्रत्येक ओळ फक्त त्याच एका उत्तराला लागू पडली पाहिजे. एखादी ओळ दोन नद्यांना लागू पडत असेल तर ज्याने खरं ओळखलं त्याच्यावर अन्याय होतो. आणि चढण बरोबर लागली पाहिजे, दुसऱ्या ओळीत सोपं टाकलं की सगळे एकदम दाबतात, मग ते बोटांच्या वेगाचं क्विझ होतं.

आमचा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न इथे पूर्ण देते, बघा तुम्ही कुठे दाबला असता.

‘ध्यानासाठी मंदिर बांधायचं म्हणून शिल्पकार कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी १९३० च्या दशकात या शहरात आला, पण ते मंदिर बांधलं गेलं नाही. एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टने इथल्या महाराजांसाठी आखलेल्या महालात पुढे केंद्र सरकारच्या कर खात्याचं ऑफिस आलं. परदेशात टेस्ट शतक काढणाऱ्या पहिल्या भारतीय बॅट्समनचा जन्म इथला, आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या घराण्याला याच शहराचं नाव आहे. सी. के. नायडूंच्या काळात इथल्या संस्थानाच्या टीमने रणजी ट्रॉफी जिंकली. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर भानपुऱ्याहून राजधानी इथे आली. दहा मार्कांसाठी सांगा, राजवाडा आणि सराफा असलेलं होळकरांचं हे शहर कोणतं?’

मी वाचत होते. पहिली ओळ, शांतता. ब्रांकुशी नाव कोणाला माहीत असणार. दुसरी ओळ, जर्मन आर्किटेक्ट, महाराज, मुलं परदेशात कुठेतरी शोधतायत असं चेहऱ्यावर दिसत होतं. ‘कर खात्याचं ऑफिस’ म्हणेपर्यंत खण्णकन बझर वाजला. आठवीतली मुलगी, माणिकबागेकडून येते, एरवी गणितात कधी हात वर करत नाही. म्हणाली, ‘मॅडम, अपना इंदौर?’ आणि मग लगेच, जणू कोणी शंका घेईल म्हणून, तिने सांगितलं की तिचे काका त्या ऑफिसला फाईल घेऊन जातात आणि ते म्हणतात की आत एकदम जुना महाल आहे. पॉवर! बाकीची मुलं माझ्याकडे बघतायत की हे कसं काय, जर्मन माणसाचं घर आणि इंदूर? मग पुढचा अर्धा तास टॉसअप बाजूलाच राहिले, तो महाल म्हणजे माणिकबाग कोणी बांधला, यशवंतराव होळकर दुसरे कोण, ब्रांकुशीचं ते उडत्या पक्ष्याचं शिल्प कसं दिसतं, भाचीने फोनवर फोटो काढून दाखवले, एक मुलगा म्हणाला यात पक्षी कुठाय, आणि मग त्यावर वाद. मी इतकी वर्षं शिकवतेय, विसाव्या शतकातल्या शिल्पकलेवर रामबागेतल्या खोलीत आठवी-नववीची मुलं भांडतील असं मला कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

मुश्ताक अली आमच्या एकाही मुलाला माहीत नव्हते, १९३६ चं मँचेस्टरचं शतक, ते इंदूरचे. हे मला लागलं. एका मुलाच्या आजोबांना माहीत होतं, त्याने घरी जाऊन विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आजोबांनी सांगितलेलं सगळं घेऊन आला, होळकर टीमने चार वेळा रणजी घेतली, १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत, कोणकोण खेळायचं. त्यातून पुढचा टॉसअप त्यानेच लिहिला. थोडा वाकडा होता, पहिल्याच ओळीत नायडूंचं नाव, पण भाचीने त्याच्याजवळ बसून ओळी वरखाली करून दिल्या.

बझरचं पण सांगायलाच हवं. भाचीच्या शाळेकडे विकतचा सेट आहे, इथे आम्ही आधी फोनवरच्या ॲपवर चालवत होतो पण नेट अडकलं की भांडणं. मग एका मुलाच्या वडिलांनी, त्यांचं वायरिंगचं काम आहे, महाराणी रोडवरून सामान आणून बोर्ड करून दिला. प्लायचा तुकडा, त्यावर आठ छोटे एलईडी, चार लाल चार हिरवे, आणि आठ लांब वायरींच्या टोकाला दाराच्या बेलची पांढरी बटनं. आत रिले लावलेत, पहिलं बटन दाबलं गेलं की त्याचा दिवा लागतो आणि बाकी सातांचा करंट कट, कितीही दाबा. मॉडरेटरकडे एक बटन, ते दाबलं की परत सगळं सुरू. आवाजाला घराच्या बेलचीच घंटी. त्यांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले मला पण एक प्रश्न विचारा, आणि पहिलाच टॉसअप त्यांनी अर्ध्यात ओळखला, फॅरेडे. मुलगा इतका खूश झाला की बास.

नेगची सवय व्हायला मात्र वेळ लागला. एक प्रश्न होता, ‘महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावणारी’ एवढं म्हणेपर्यंत चार दिवे लागू बघत होते आणि पहिला म्हणाला नर्मदा. वजा पाच. नर्मदा अमरकंटकची हे त्यालाही माहीत आहे, पण महू म्हटल्याबरोबर डोक्यात नर्मदेचं पाणी, कारण इंदूरला नळाला तेच येतं. समोरच्या टीमने मग शेवटपर्यंत ऐकलं, चर्मण्वती हे जुनं नाव, क्षिप्रा हिला मिळते, गांधीसागर धरण, घडियालांचं अभयारण्य, आणि हसत हसत चंबळ सांगून दहा घेतले. त्या मुलाला मी नंतर विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, मला वाटलं मला येतंय.’ मला वाटतं परीक्षेच्या तयारीत हे कुठेच शिकवलं जात नाही, आपल्याला येतंय आणि आपल्याला येतंय असं वाटतंय यातला फरक. टॉसअप तो दर दोन मिनिटांनी शिकवतो, आणि शिक्षा फक्त पाच मार्कांची, पुढच्या प्रश्नाला परत संधी. नंतरच्या आठवड्यात तोच मुलगा बोट बटनावर ठेवून थांबलेला मी बघितला, ओठ हलतायत, अजून एक शब्द, अजून एक, आणि मग दाबला.

मी भारतातल्या क्विझला नावं ठेवत नाहीये. आमच्या पिढीने रेडिओवर बोर्नविटा क्विझ ऐकलंय, १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं क्विझ टाईम आलं तेव्हा घरातले सगळे समोर बसायचे, आणि १९६७ मध्ये कोलकात्याला नील ओब्रायन यांनी सुरू केलेल्या क्विझपासून आपल्याकडची जी परंपरा आहे, जुळवून काढायचे प्रश्न, दोन अनोळखी गोष्टींमधला धागा शोधायचे, ती फार सुंदर आहे, त्यात डोकं चालवावं लागतं. पण ते बहुतेक कॉलेजात आणि मोठ्यांच्या क्विझमध्ये. शाळेत येईपर्यंत त्याचं जीकेचं गाईड झालेलं असतं. माझं म्हणणं तिथल्यापुरतंच आहे. शाळेतल्या मुलांना टॉसअप द्या. खर्च जवळजवळ नाही, स्टेज लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, एक वाचणारा, आठ बटनं आणि नीट लिहिलेले वीसेक प्रश्न, झाली एक मॅच.

आणि दगड गोळा करणारी मुलं आपल्याकडेही आहेत. कोणाला बसचे रूट पाठ आहेत, कोणी पतंगाच्या मांज्यापासून दोऱ्याच्या गिरण्यांपर्यंत सगळं सांगतं, एका मुलीला घरी वाजणाऱ्या सगळ्या रागांची नावं येतात कारण आजी पेटी वाजवते. या मुलांना दहावीच्या मार्कांत जागा नाही. चांगला टॉसअप लिहिणाऱ्याने त्यांचा विचार करून पहिली ओळ लिहावी, म्हणजे वर्षातून एकदा तरी वर्गात सगळ्यांच्या आधी त्यांचा दिवा लागेल.

भाची परत गेली, आता तिचं शेवटचं वर्ष आणि टीमची कॅप्टन तीच. दगडवाला मुलगा दहावीत. रविवारी सकाळी तिकडे शनिवारची रात्र असते तेव्हा ती व्हिडिओ कॉलवर आमच्या मुलांचे प्रश्न तपासते, जिथे ओळ दोघांना लागू पडते तिथे लाल खूण करते आणि ‘ही कुठून घेतली, परत बघ’ असं लिहून पाठवते. मुलं तिला दीदी म्हणतात आणि माझ्यापेक्षा तिला जास्त घाबरतात. दिवाळीच्या सुट्टीत आसपासच्या वसाहतींतल्या मुलांची एक छोटी टूर्नामेंट करायचं ठरलंय, आठ टीम, प्रत्येकाला सगळ्यांशी खेळायला मिळणार, दोन दिवसांत बसतं, कोणीही पहिल्या राऊंडला घरी जाणार नाही. सातवीच्या खालच्यांना नेग नाही. बोर्ड अजून एक लागेल, तो मुलाचे वडील करून देतोय म्हणालेत. प्रश्न मात्र अजून बरेच कमी आहेत, विज्ञानाचे झालेत, माळव्याच्या इतिहासाचे झालेत, चित्रकला आणि संगीताचे अगदी थोडे, आणि अहिल्याबाईंवरचा अजून जमत नाहीये, कारण इंदूरमध्ये त्यांच्याबद्दल पहिल्या ओळीत टाकावं असं काहीतरी शोधणं म्हणजे काम आहे, काशी विश्वनाथ आणि महेश्वर म्हटलं की आठही दिवे लागतात. कोणाकडे चांगली ओळ असेल तर खाली लिहा, फक्त कुठे वाचली तेही लिहा.